बिनपगारी, फुल अधिकारी

गेले काही वीकांत मी एक विचित्र छंद लावून घेतलाय. मुंबईतल्या पब्लिक रिलेशन्स एजन्सींच्या, म्हणजे पीआरवाल्यांच्या, इंटर्नशिपच्या जाहिराती वाचायच्या. पदवी हवी. इंग्रजी उत्तम हवं, मराठी-हिंदी आलं तर दुधात साखर. लॅपटॉप स्वतःचा हवा. दबावाखाली काम करता यायला हवं. शनिवार-रविवारी फोन उचलायला हवा. तीन ते सहा महिने, ऑफिसात येऊनच. आणि सगळ्यात खाली, 'अटी लागू' लिहितात तेवढ्या बारीक अक्षरात: अनपेड. ज्यांना थोडीफार लाज असते ते 'परफॉर्मन्स बेस्ड' लिहितात. एकाने तर 'स्टायपेंड: अनुभव' असंच लिहिलं होतं. आता हा अनुभव खानावळवाला सुट्टे करून देतो का, ते कळलं नाही.

एरवी मी जावा आणि जिरा (फोडणीतलं नव्हे) यांच्या पलीकडे फारसं नाक खुपसत नाही. पण या वेळी प्रकरण घरातलं आहे.

माझी मावसबहीण किनवटची. मीही तिथलाच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नांदेड जिल्ह्याचं पार टोक, पैनगंगेचा काठ, सागाचं जंगल, पलीकडे आदिलाबाद म्हणजे तेलंगण. नांदेड शहर गाठायचं तरी सव्वाशे-दीडशे किलोमीटर. आठवडी बाजारात मराठी, गोरमाटी, गोंडी, तेलुगू आणि हैदराबादी वळणाची हिंदी एकाच वेळी कानावर पडते. तिचे वडील, आमचे काका, एसटीत कंडक्टर. पोरीने नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या माध्यमशास्त्र संकुलातून एम.ए. केलं, चांगल्या मार्कांनी केलं, आणि मुंबईतल्या एका पीआर एजन्सीत तिला इंटर्नशिप मिळाली. तीन महिने, शून्य रुपये. घरात पेढे वाटून झाल्यावर मावशीने विचारलं, "पगार नाही म्हणतीस, तर मग जायलीस कामून?"

या प्रश्नाचं उत्तर मला अजून कुणी नीट दिलेलं नाही. एजन्सीवाल्यांनी नाही, ज्यांना मी विचारलं त्या पीआरमधल्या ओळखीच्यांनी नाही, आणि 'सुरुवातीला थोडं सोसावं लागतं' म्हणणाऱ्या आपल्या मित्रमंडळींनी तर नाहीच.

आधी हिशोब मांडतो. ऑफिस लोअर परळला. तिथे राहायचं नाव काढायचं कारण नाही, म्हणून ऐरोलीत चौघींत एक खोली, कॉटचे साडेसात हजार. मेसचे बत्तीसशे. लोकलचा पास आणि अडीअडचणीच्या रिक्षा मिळून हजार. मोबाइल, साबण, औषधपाणी आठशे. झाले साडेबारा हजार. तीन महिन्यांचे साडेसदतीस हजार, वर डिपॉझिटचे पंधरा हजार. हे पैसे काकांनी पतसंस्थेतून उचलले. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ एसटीचा संप चालला तेव्हा या घरात पगाराचा एक पैसा आला नव्हता. बिनपगारी म्हणजे काय हे या माणसाला समजावून सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी उचलले, कारण पोरीने सांगितलं की या क्षेत्रात शिरायचं तर दरवाजा एवढाच आहे.

तेव्हा शब्द नीट वापरू या. ही फुकट इंटर्नशिप नव्हती. तिच्यासाठी तिची किंमत साडेसदतीस हजार रुपये होती, आणि ती तिच्या बापाने भरली. एजन्सीला फुकट पडली, एवढंच.

तिच्या बॅचला आठ जण होते. त्यातले सहा मुंबई-ठाण्यात आईवडिलांच्या घरी राहणारे. एकजण पुण्याहून आलेला, मामाकडे उतरलेला. भाडं भरणारी एकटी ही. त्या सहांवर माझा काही राग नाही, बिचारे ते पण रात्री दहापर्यंत राबत होते. पण या आठांची निवड कशी झाली असेल याचा विचार करा. परीक्षा नाही, कट-ऑफ नाही. 'तीन महिने पगाराशिवाय मुंबईत राहू शकता का?' हा एकच प्रश्न, आणि तोही उघड न विचारलेला. आम्ही याला कोडमध्ये फिल्टर म्हणतो. हा फिल्टर हुशारी तपासत नाही, भाषा तपासत नाही, पिनकोड तपासतो.

आता काम काय होतं ते ऐका. सकाळी साडेसातला पेपर चाळायचे, क्लायंटचं नाव कुठे आलंय ते शोधायचं, कात्रण स्कॅन करून नऊच्या आत मेल करायचं. मग पत्रकारांच्या याद्या अद्ययावत करायच्या. मग फोन. "सर, प्रेसनोट मिळाली का? सर, लागेल का?" दिवसाला चाळीस-पन्नास फोन, त्यातले निम्मे लोक मध्येच फोन ठेवणार. संध्याकाळी कव्हरेज ट्रॅकर भरायचा. याला शिकणं म्हणतात म्हणे. पहिले दहा दिवस म्हणा हो, मी वाद घालणार नाही. अकराव्या दिवसापासून ते काम असतं.

आणि त्या ट्रॅकरमध्ये एक रकाना असतो, तो ऐकून मी हसावं की रडावं अशा अवस्थेत होतो. बातमीची 'किंमत' काढायची. म्हणजे बातमीने पेपरातली जितकी जागा व्यापली तितकीच जाहिरात दिली असती तर किती पैसे पडले असते, तो आकडा. समजा बातमी दोनशे चौरस सेंटिमीटर आणि जाहिरातीचा दर चौरस सेंटिमीटरला पंधराशे, तर झाले तीन लाख. काही ठिकाणी त्याला परत तीनने गुणतात, का तर बातमीवर लोकांचा जाहिरातीपेक्षा जास्त विश्वास असतो! झाले नऊ लाख. २०१० साली बार्सिलोनात जनसंपर्काचं मोजमाप करणाऱ्यांची जागतिक परिषद भरली होती, तिने जाहीर करून टाकलं की हा आकडा म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नव्हे. पण क्लायंटला मोठे आकडे आवडतात, त्यामुळे रकाना अजून जिवंत आहे. तर माझी बहीण रोज संध्याकाळी बसून, अमुक कंपनीच्या साहेबांच्या फोटोची किंमत नऊ लाख, तमुकच्या दोन परिच्छेदांची चार लाख, असं एक्सेलमध्ये भरायची. महिन्याच्या शेवटी ती बेरीज क्लायंटपुढे जायची. ती बेरीज करणाऱ्या माणसाची किंमत मात्र त्याच ऑफिसच्या हिशोबात शून्य.

थांबा, अजून आहे. एक क्लायंट शेतीशी संबंधित होता. त्याची मराठी प्रेसनोट कुठल्याशा मशीनमधून भाषांतरित होऊन आलेली. त्यात 'गुलाबी बॉलवर्म किडा' होता आणि 'कापूस निवडणाऱ्या महिला' होत्या. ही किनवटची पोरगी. घराघरात कापूस बघितलेला, २०१७ साली गुलाबी बोंडअळीने मराठवाडा-विदर्भात काय वाट लावली ते डोळ्यांनी पाहिलेलं. तिने बोंडअळीची बोंडअळी केली, निवडणीची वेचणी केली, आणि अर्ध्या तासात नोट माणसात आणली. त्या दिवसापासून सगळ्या मराठी नोटा तिच्याकडे. हिंदीही तिच्याकडे. एकदा आदिलाबादच्या एका वार्ताहराशी मोडक्यातोडक्या तेलुगूत बोलली, तर तेही तिच्याकडे. पुढच्या महिन्यात क्लायंटला दाखवायच्या पीपीटीत एक नवी स्लाइड आली: 'डेडिकेटेड रिजनल डेस्क'.

तो डेस्क म्हणजे माझी बहीण. खरोखरचा डेस्क तर तिला नव्हताच, ती पॅन्ट्रीशेजारच्या गोल टेबलावर बसायची.

माझं सगळं भांडण या स्लाइडशी आहे. जे काम क्लायंटला विकलं जातं ते प्रशिक्षण नसतं. इतकी साधी कसोटी आहे, तिला लेबर लॉचा वकील लागत नाही. इंटर्नने केलेली गोष्ट बिलात, रिपोर्टमध्ये किंवा पीपीटीत गेली की तिचे पैसे इंटर्नला गेले पाहिजेत. नुसता सराव म्हणून केलेली आणि नंतर केराच्या टोपलीत टाकलेली प्रेसनोट असेल तर नका देऊ.

यावर मला तीन-चार ठरावीक उत्तरं मिळाली. पहिलं, 'आम्हीही असंच केलं.' बरं. आमच्या शाळेत मास्तर पट्टीने मारायचे, म्हणून मी माझ्या ज्युनिअरला मारतो असं म्हटलं तर एचआर मला ठेवेल का? दुसरं, 'कुणी जबरदस्ती केली का?' नाही केली. ज्या क्षेत्राची सगळी दारं एकाच प्रकारची आहेत तिथे दाराला नावं ठेवायची नाहीत, बाहेर उभं राहायचं स्वातंत्र्य आहेच. तिसरं थोडं गंभीर आहे: एजन्सी लहान असतात, मार्जिन कमी, नवख्यांना शिकवण्यात सीनिअर लोकांचा वेळ जातो. हे खरं असेल. पण मग आमच्याकडे काय होतं? मी २०१९ साली कंपनीत लागलो तेव्हा तीन महिने ट्रेनिंग आणि त्यानंतर अडीच महिने बेंच. बेंच म्हणजे काम नाही, यायचं, कॅन्टीनला जायचं, चहा प्यायचा, घरी जायचं. पगार चालू. मी कंपनीला त्या साडेपाच महिन्यांत एक नवा पैसा कमावून दिला नाही, उलट त्यांची एसी-वीज जाळली. तो खर्च कंपनीने धंद्याचा खर्च म्हणून धरला आणि क्लायंटच्या दरात वसूल केला. काम न करणाऱ्या मला पगार आणि दिवसाला बारा तास राबणारीला शून्य, हे कुठल्या अर्थशास्त्रात बसतं?

(आयटीवाले धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी म्हणत नाहीये. फ्रेशरचा पगार वर्षानुवर्षं सव्वातीन-साडेतीन लाखांवर अडकलाय. आणि इंजिनीअरिंगच्या पोरांकडून उलट पैसे घेऊन इंटर्नशिपचं सर्टिफिकेट छापून देणारी दुकानं आमच्याच आशीर्वादाने चालतात. त्यावर वेगळं लिहीन, तो वीकांत वेगळा.)

आणि नवख्या माणसाला पैसे देऊन शिकवायचं ही कल्पना आपल्याकडे काही मंगळावरून यायची नाहीये. सीएच्या आर्टिकलशिपला किमान विद्यावेतन त्यांची संस्था ठरवून देते. २०१८ साली राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांतले इंटर्न डॉक्टर संपावर गेले, तेव्हा त्यांना महिना सहा हजार मिळत होते, ते पुढे अकरा हजार झाले. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा तर आपल्या आईवडिलांच्या वयाचा आहे. आता त्यात बी.ए., बी.कॉम.वालेही बसतात. २०१९ च्या दुरुस्तीनुसार तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे आहेत, पदवीधराला महिना किमान ९,००० ठरले, आणि त्यातला काही वाटा सरकार उचलतं. २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ प्रशिक्षण परिषदेने ही रक्कम ३६ टक्के वाढवावी अशी शिफारसही केली. म्हणजे त्याच मुलीला, त्याच कामाला, कागदावर 'शिकाऊ उमेदवार' म्हटलं की विद्यावेतन द्यावं लागतं, आणि 'इंटर्न' म्हटलं की काहीच लागत नाही. सगळी करामत शब्दाची. शब्दांचाच धंदा करणाऱ्यांना ती जमली यात नवल नाही.

गंमत म्हणजे सरकार, ज्याला आपण उठता-बसता शिव्या घालतो, ते यात पुढे निघालं. २०२४ साली राज्याने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना काढली: बारावीला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीधराला दहा हजार महिना, सहा महिने. पुढे मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढवली. नंतर काय, या प्रश्नावर प्रशिक्षणार्थी आंदोलनंही करून बसले, आणि त्यांचा प्रश्न खरा आहे. पण किनवटच्या पंचायत समितीत संगणकावर याद्या टाइप करणाऱ्या पदवीधराला दहा हजार मिळू शकत होते आणि तो घरी जेवत होता. लोअर परळच्या काचेच्या इमारतीत, तेवढीच शिकलेली, शून्यावर.

केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजनाही २०२४ चीच. महिना पाच हजार, वर एकदाच सहा हजार, आणि मोठमोठ्या कंपन्यांत बारा महिने. तिच्या पहिल्या फेरीचे संसदेत दिलेले आकडे बघण्यासारखे आहेत. ऑफर गेल्या ८२ हजारांहून जास्त. स्वीकारल्या सुमारे २८ हजार. प्रत्यक्ष रुजू झालेले नऊ हजारही नाहीत. नाकारण्यामागे लांबचं ठिकाण आणि लांबलचक मुदत ही कारणं पुढे आली. लगेच 'आजकालच्या पोरांना कष्ट नकोत' असं म्हणणारे काका व्हॉट्सॅपवर हजर. काकांनी पाच हजारांत ऐरोलीची कॉट आणि मेस बसवून दाखवावी, मी माझं सीटीसी त्यांच्या नावे करतो.

म्हणून माझं म्हणणं नऊ हजारांवरही थांबत नाही. आकडा दिल्लीत बसून ठरवायची गरजच नाही. ज्या शहरात ऑफिसात यायलाच पाहिजे असा हट्ट आहे, त्या शहरातली एक कॉट, दोन वेळचं जेवण आणि पास. एवढं जमत नसेल तर ऑफिसात यायचा हट्ट सोडा. पत्रकारांना फोन किनवटहूनही लागतो. प्रेसनोट पैनगंगेच्या काठी बसूनही लिहिता येते. बहिणीने हे विचारून पाहिलं होतं. उत्तर आलं, "ऑफिस कल्चर अनुभवायला मिळणार नाही." ऑफिस कल्चर! पॅन्ट्रीशेजारचं गोल टेबल.

हे दुखणं एकट्या मुंबईचं नाही. २०१५ मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांत बिनपगारी इंटर्न असलेला न्यूझीलंडचा एक तरुण सरोवराकाठी तंबू ठोकून राहत होता, ते जगभर छापून आलं आणि त्याने इंटर्नशिप सोडली. अमेरिकेत 'ब्लॅक स्वान' सिनेमावर फुकट राबलेले इंटर्न कोर्टात गेले. २०१३ मध्ये खालच्या कोर्टात जिंकले, २०१५ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला आणि नवी कसोटी दिली: या व्यवहारात जास्त फायदा कोणाचा होतोय, शिकणाऱ्याचा की कंपनीचा? इंटर्न हरले तरी प्रश्न चोख आहे. रिजनल डेस्कला लावून बघा. आणि ब्रिटनमध्ये तर पीआर कन्सल्टन्सींच्या स्वतःच्याच संघटनेने २०११ मध्ये 'इंटर्नना पैसे द्या' अशी मोहीम हाती घेतली. आपल्याकडेही अशी संघटना २००१ पासून आहे. तिने मनात आणलं तर एक साधी यादी लावता येईल: आमच्यापैकी कोण इंटर्नला किती देतं. बस्स, एक यादी. प्रतिमा सांभाळायच्या धंद्यात लाजेइतकं प्रभावी दुसरं काही नसावं.

आता तुम्ही म्हणाल, पीआरच काय एवढं महत्त्वाचं? नाही मिळालं तर बँकेच्या परीक्षा देईल, काय बिघडलं? बिघडतं. तुम्ही सकाळी वाचता त्यातल्या बऱ्याच बातम्या कुणीतरी आधी लिहून पेपरकडे पाठवलेल्या असतात. बियाणं, खत, पीकविमा, मायक्रोफायनान्स, सोलर पंप, या सगळ्यांबद्दल किनवटच्या शेतकऱ्याला मराठीत काय आणि कसं सांगायचं हे लोअर परळमध्ये ठरतं. ठरवणाऱ्या टेबलाभोवती वेचणी आणि निवडणी यातला फरक कळणारं एकही माणूस नसेल, तर जे छापून येईल ते वाचून आमच्या गावात हसतात, आणि कधीकधी फसतातही. अशा माणसाला आत घ्यायला एजन्सीला महिना बारा-तेरा हजार लागले असते. नऊ लाखांच्या एका फोटोपुढे किती होतात ते टक्क्यांत काढा, मी कंटाळलो.

तीन महिने संपल्यावर बहिणीला 'तुझं काम फार आवडलं' असं सांगून आणखी तीन महिन्यांची मुदतवाढ देऊ केली गेली. या वेळी कन्व्हेयन्स म्हणून महिना तीन हजार. तिने नम्रपणे नाही म्हटलं. सध्या ती पुण्यात एका कंपनीत कंटेंट लिहिते, पगार वेळेवर होतो, काकांचे हप्ते फिटतायत. रिजनल डेस्कवर नवीन कुणी आलंय का, कल्पना नाही. स्लाइड तीच असावी.

या पानावर येणारे तुम्ही बहुतेक माझ्यासारखेच, कुठल्यातरी बऱ्या कंपनीत. तुमच्या कंपनीचीही एक पीआर एजन्सी असेल. मी आमच्या मार्केटिंगमधल्या एका मित्राला जेवताना विचारलं, की आपण व्हेंडरकडून बालमजुरी नाही, किमान वेतन देतो, असं सगळं लिहून घेतो ना? म्हणाला, घेतो, दर वर्षी, शिक्क्यानिशी. मग त्यांच्या इंटर्नचं काय? त्याने डबा बाजूला ठेवून लॅपटॉप उघडला, फॉर्म वरपासून खालपर्यंत बघितला. "इंटर्न व्हेंडरच्या एम्प्लॉयी लिस्टमध्ये येतच नाहीत रे." एवढ्यात रिन्युअल नाही, मार्चमध्ये आहे. तेव्हा एक रकाना वाढवून बघतो म्हणालाय: आमच्या अकाउंटवर किती इंटर्न, प्रत्येकी महिना किती रुपये. मी माझ्या कॅलेंडरला रिमाइंडर लावून ठेवलाय, कारण मार्केटिंगवाल्यांचा भरवसा नाही.